द पोएट: बातमीदाराच्या स्वतःच्या घरातली बातमी

मी आठ वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळी केलीय आणि त्या आठ वर्षांत एक वाक्य किती वेळा टाइप केलं असेल त्याचा हिशेब नाही. ‘याप्रकरणी पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असून पुढील तपास सुरू आहे.’ सिंगल कॉलम बातमीचं शेवटचं वाक्य. पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असायची, रिपोर्टरची कॉपी व्हॉट्सअपवर तुकड्यातुकड्यात आलेली असायची, नाव, वय, राहणार कुठे, किती वाजता घडलं, कुणी पाहिलं, आणि मग हे वाक्य टाकलं की बातमी बसली. बोटांना पाठ झालं होतं ते.

मायकेल कॉनेलीची ‘द पोएट’ वाचायला घेतली आणि पहिल्या चाळीसेक पानांतच ते वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. कारण या कादंबरीतला जॅक मॅकएव्हॉय हा डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ पेपरात खुनांच्या बातम्या लिहितो, तेच त्याचं बीट, आणि एके दिवशी दोन पोलीस त्याला न्यायला येतात आणि गाडीत बसवून सांगतात की तुझा भाऊ गेला. भाऊ म्हणजे शॉन, जुळा भाऊ, डेन्व्हर पोलिसांत खुनाचा तपास करणारा डिटेक्टिव्ह. बेअर लेक नावाच्या तळ्याजवळ त्याच्या गाडीत सापडला, गोळी लागलेली, गाडीच्या वाफ धरलेल्या काचेवर एक छोटंसं वाक्य लिहिलेलं. एका कॉलेजच्या मुलीच्या खुनाचा तपास त्याच्याकडे होता, केस सुटत नव्हती, तो आतून खचत चालला होता हे सगळ्यांना माहीत होतं. मग काय, पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाइल बंद करायला घेतली. त्यांच्याच माणसाची केस, आणि तीही इतकी सरळ दिसणारी.

आणि जॅक सुद्धा सुरुवातीला ते मान्य करतो! मला वाटतं इथेच हे पुस्तक इतर शेकडो थ्रिलरांपेक्षा वेगळं होतं. नेहमीचा हिरो असता तर पहिल्याच पानावर ‘माझा भाऊ असं करूच शकत नाही’ म्हणून ओरडला असता. जॅक ओरडत नाही. तो इतकी वर्षं अशा बातम्या लिहीत आलाय की त्याला ही गोष्ट खरीच वाटते. दुःख त्याला आहेच, त्यात त्या तळ्याचं एक जुनं दुःख घरात आधीपासून आहे, लहानपणी त्यांची बहीण तिथेच गेलेली, त्याचं ओझं जॅकच्या मनावर कायम आहे. पण आत कुठेतरी त्याच्यातला बातमीदार जागा असतो आणि तो संपादकाला म्हणतो, मला यावर लिहायचंय. माझ्या भावावर. खुनाचा तपास करणारे पोलीस स्वतःचं आयुष्य का संपवतात यावर.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि लोकलच्या खिडकीबाहेर बघत बसले. घाटकोपर कधी गेलं कळलं नाही, ठाण्याला उतरायचं होतं तर गर्दीतून वाट काढता काढता दारापर्यंत पोचेपर्यंत गाडी सुटली आणि कळव्याला उतरून परत यावं लागलं.

पुस्तक मिळालं कुठे तेही सांगते. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत ना, तिथे. दीडशे रुपयांना घेतलं, जाडजूड पेपरबॅक, पाचशेच्या आसपास पानं, कोपरे दुमडलेले, पहिल्या पानावर कुणाचीतरी पुसट सही. दुकानदारदादा म्हणाले वाचून झालं की आणा, निम्मे पैसे परत देतो. इंग्रजी सोपं आहे हो याचं, हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे बरेच जण इंग्रजी जाड पुस्तक बघूनच हात मागे घेतात. छोटी वाक्यं, बातमीसारखी, डिक्शनरी घ्यायची वेळ फार कमी येते.

आणि बातमीसारखी असणारच, कारण कॉनेली स्वतः क्राईम रिपोर्टर होता. फ्लोरिडातल्या पेपरांत त्याने काम केलं, १९८५ मध्ये डेल्टा एअरलाइन्सचं विमान डॅलसजवळ कोसळलं होतं, त्यातून वाचलेल्या माणसांवर त्याने दोन सहकाऱ्यांसोबत लिहिलेली स्टोरी पुलित्झर या पत्रकारितेतल्या मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत गेली, आणि मग तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये क्राईम बीटवर आला. पहिली कादंबरी १९९२ ची. ‘द पोएट’ आली १९९६ मध्ये, त्याची पाचवी. आधीच्या चारही कादंबऱ्यांत हॅरी बॉश नावाचा डिटेक्टिव्ह नायक होता, त्याला बाजूला ठेवून पहिल्यांदाच त्याने एका बातमीदाराला पुढे आणलं. आणि आणलं ते ‘मी’ म्हणून, जॅक स्वतः सांगतोय असं. त्यामुळे न्यूजरूमचं सगळं जे आहे ते आतल्या माणसाचं आहे. संपादकाच्या केबिनमध्ये जाऊन एखाद्या स्टोरीसाठी वेळ मागणं, तो किती दिवस देईल याचा अंदाज घेणं, एखादी गोष्ट माहीत असून ती कधी छापायची यावरून स्वतःशीच चाललेली घासाघीस. दुसऱ्या पेपरात बातमी आधी फुटेल ही भीती तर पुस्तकभर आहे, आणि ज्याने हे काम केलंय त्याला पोटात येणारा तो गोळा लगेच ओळखू येईल. सकाळी सहाला उठून आधी दुसऱ्यांचे पेपर बघायचे, आपल्याकडे नाही आणि त्यांच्याकडे आहे असं काही सापडलं की दिवस गेला.

पेपरच्या लायब्ररीचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. जॅक बसतो आणि इतर शहरांतल्या पोलिसांच्या आत्महत्यांची जुनी कात्रणं काढतो, फक्त आपल्या लेखासाठी आकडे आणि उदाहरणं हवीत म्हणून. आणि त्या ढिगाऱ्यात शिकागोचा एक डिटेक्टिव्ह सापडतो, तोही एका न सुटलेल्या खुनाच्या मागे होता, आणि त्यानेही जाताना एकच ओळ मागे ठेवली होती. इथून पुढे दोन ओळी शेजारीशेजारी ठेवल्यावर जे लक्षात येतं ते कादंबरीच्या नावातच आहे म्हणून सांगायला हरकत नाही. दोन्ही ओळी एडगर अॅलन पो या कवीच्या. शॉनच्या गाडीच्या काचेवरची ओळ पोच्या ‘ड्रीमलँड’ या १८४४ च्या कवितेतली, स्थळाच्याही बाहेर आणि काळाच्याही बाहेर अशा काहीशा अर्थाची. म्हणजे मेलेल्या पोलिसांचे शेवटचे शब्द त्यांचे नाहीतच. कुणीतरी त्यांच्या तोंडी घातलेत.

ही कल्पना किती भयंकर आहे बघा. माणूस गेला तो गेला, वर त्याचं शेवटचं वाक्यही चोरलेलं. आणि ज्या पोने १८४१ मध्ये लिहिलेल्या कथेला पहिली डिटेक्टिव्ह कथा मानतात, त्याच पोच्या कविता इथे खुन्याच्या हातात आहेत, हे लेखकाने फार विचार करून केलंय असं मला वाटतं.

यापुढचं कथानक सांगत नाही. एवढंच की जॅक हे घेऊन एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेपर्यंत जातो आणि त्यांना तो तपासात नको असतो, पण बातमी त्याच्या हातात आहे. म्हणजे त्याने उद्या छापली तर खुनी सावध होईल. मग सौदा होतो, मी बातमी होल्डवर ठेवतो, तुम्ही मला सोबत घ्या. रेचल वॉलिंग ही एफबीआय एजंट इथे येते, पुढे कॉनेलीच्या इतरही पुस्तकांत ती भेटते. या सौद्याची पानं मी दोनदा वाचली. कारण त्यात जॅक नक्की कोण आहे हे त्यालाही कळत नाही. भाऊ म्हणून तो तिथे आहे का बातमीदार म्हणून? भावाच्या खुन्याला पकडायचंय की पहिल्या पानावर आपली बायलाइन, म्हणजे बातमीवर आपलं नाव, बघायचीय? तो खोटं बोलत नाही, दोन्ही हवंय हे कबूल करतो आणि त्याची त्याला लाजही वाटते, आणि लाज वाटूनही तो नोट्स घेत राहतो. मला त्याचा राग आला आणि मी त्याला पूर्ण समजूनही घेतलं, एकाच वेळी.

याचं कारण माझ्या डेस्कच्या दिवसांतलं आहे, ते लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू प्रामाणिक होणार नाही.

एक बातमी होती, पावसाळ्यातली, उपनगरातला एक तेवीस वर्षांचा मुलगा. रिपोर्टरच्या कॉपीत होतं ‘पोलिसांचा प्राथमिक अंदाज’. मथळा एका ओळीत बसत नव्हता, वेळ नव्हता, मी इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच, ‘नैराश्यातून’ हा शब्द घातला आणि अंदाज वगैरे काढून टाकलं. पान सुटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेस्कचा फोन वाजला, मीच उचलला. त्या मुलाची मोठी बहीण होती. आवाज अजिबात चढवला नाही तिने. म्हणाली, मॅडम, तुम्ही लिहिलंय नैराश्यातून, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्हाला तर अजून काहीच माहीत नाही, तो घसरला का काय झालं हेच कळलं नाहीये, आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे तुमचा पेपर येतो. मी म्हणाले पोलिसांनी सांगितलं. ती म्हणाली, पोलीस आम्हाला म्हणाले अजून तपास सुरू आहे, तुमच्याच बातमीत खाली लिहिलंय बघा.

मी बघितलं. लिहिलं होतं. पुढील तपास सुरू आहे. मीच टाइप केलेलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही चार ओळींचा खुलासा छापला, आतल्या पानावर. तिचा पुन्हा फोन आला नाही. मला तिचं नाव विचारायचं सुचलं नव्हतं.

तर ‘द पोएट’ मध्ये जेव्हा जॅक भावाच्या फाइलमधल्या छोट्या छोट्या गोष्टींवर अडतो, तिथे हजर असलेल्या पार्क रेंजरला गाठून नक्की काय ऐकलंस, किती वेळात पोचलास, काय पाहिलंस असं खोदून खोदून विचारतो, तेव्हा मला ते रहस्यकथेतलं क्लू शोधणं वाटलंच नाही. मला वाटलं हा तोच प्रश्न विचारतोय जो त्या ताईने विचारला होता. तुम्हाला हे कुणी सांगितलं? आपल्याकडे अकस्मात मृत्यूची चौकशी आधी सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १७४ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १९४ झालं. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मृत्यू कशामुळे झाला ते बघायचंय. कायद्याला अजून ठरवायचंय आणि आम्ही पेपरवाल्यांनी आदल्या रात्रीच ठरवून टाकलेलं असतं. ही एवढी साधी गोष्ट मला डेस्कवर कुणी शिकवली नाही, एका अमेरिकन कादंबरीने नीट समजावली.

मुंबईत बसून हे पुस्तक वाचताना अजून एक गोष्ट मनातून जात नाही. बातमीदार गुन्ह्यात ओढला जाणं ही आपल्याकडे कादंबरीतली गोष्ट नाही. ११ जून २०११ ला पवईत ज्येष्ठ क्राईम रिपोर्टर ज्योतिर्मय डे यांना भर दिवसा गोळ्या घातल्या. मे २०१८ मध्ये छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप झाली, आणि त्याच खटल्यात आरोपी केलेल्या एका महिला पत्रकाराची निर्दोष सुटका झाली, तोपर्यंत तुरुंगातले महिने आणि मधली वर्षं गेली ती गेलीच. जॅककडे एफबीआयचं संरक्षण आहे, विमानाची तिकिटं आहेत, थांबा म्हणणारा संपादक आहे. इथे क्राईम बीटवरचा माणूस पावसात बाइकवर एकटा असतो. कॉनेलीला याची जाणीव नाही असं नाही, पण जॅकला ज्या सहजतेने तपासात घेतलं जातं ते मला शेवटपर्यंत पटलं नाही. एवढ्या मोठ्या तपासात एका पत्रकाराला गाडीत बसवून फिरवतील? कथानकासाठी लागतं म्हणून आपण सोडून देतो, पण खटकतं.

खटकणाऱ्या बाकी गोष्टीही सांगते. मधली शंभरेक पानं मीटिंगांत जातात, एफबीआयवाले एका खोलीत बसलेत, कोण कुठे जाणार ठरवतायत, फॅक्स येतायत, परत मीटिंग. जॅक आणि रेचलचं प्रेमप्रकरण फार घाईत उरकलंय, भाऊ जाऊन काही आठवडे झालेत आणि हे सुरू, मला ते दोघांच्याही स्वभावाला धरून वाटलं नाही. शॉनची बायको रायली, तिला लेखकाने अजून जागा द्यायला हवी होती. नवरा गेलाय, दीर त्याच्यावर स्टोरी करतोय, आणि ती दोनचार प्रसंगांत येऊन जाते. मला तिच्या स्वयंपाकघरात अजून थोडा वेळ बसायचं होतं.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. जॅकच्या प्रकरणांच्या मधे मधे ग्लॅडन नावाच्या माणसाची प्रकरणं येतात, ती तिसऱ्या पुरुषात आहेत, आणि हा माणूस लहान मुलांचे फोटो काढत फिरणारा आहे. लेखक चवीने काही वर्णन करत नाही, उलट बरंच न सांगता सोडतो, पण त्या माणसाच्या डोक्यात बसून जग बघावं लागतं आणि ते फार जड जातं. माझी मुलगी सात वर्षांची आहे. त्यातली दोन प्रकरणं मी रात्री वाचू शकले नाही, दिवसा उजेडात, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वाचली. ज्यांना हा विषय सोसणार नाही त्यांनी पुस्तक घेऊच नका, खरंच सांगते, त्यात कमीपणा काही नाही.

१९९६ चं पुस्तक असल्याने टेक्नॉलॉजी जुनी आहे. मोडेम लावून फोनच्या लायनीवरून कॉपी पाठवायची, डिजिटल कॅमेरा म्हणजे मोठी अपूर्वाई, आणि तो कॅमेरा कथेत महत्त्वाचा आहे. आज वाचताना कंटाळा येईल असं वाटलं होतं पण उलट झालं. नेटवर अंधाऱ्या कोपऱ्यात माणसं एकमेकांना शोधतात आणि टोळ्या करतात हे त्याने तेव्हाच नेमकं पकडलं होतं.

शेवटाबद्दल. शेवटाकडे एक वळण येतं, तुम्हाला वाटतं संपलं, मग आणखी एक. पहिल्याने मी हादरले. दुसऱ्याने मला जरा जास्त झालं असं वाटलं, तरी मागे जाऊन ताडून बघितलं तर खुणा सगळ्या पेरलेल्या होत्या, फसवलं म्हणता येणार नाही. मला एक खूण दुसऱ्यांदा वाचताना सापडली आणि मी घरी एकटीच मोठ्याने ‘अरे देवा’ म्हणाले, सासूबाई आतून विचारायला आल्या काय झालं म्हणून. त्यांना अर्धी गोष्ट सांगितली, आता रोज विचारतात पुढे काय.

वाचायचा क्रम मात्र सांभाळा. कॉनेलीची ‘द नॅरोज’ ही २००४ ची कादंबरी ‘द पोएट’ चं रहस्य फोडूनच सुरू होते, त्यामुळे फुटपाथवर ती आधी दिसली तर घेऊन ठेवा पण मागचा मजकूर वाचू नका. जॅकची स्वतःची पुढची गोष्ट ‘द स्केअरक्रो’ मध्ये आहे, २००९ ची. त्यात तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये आहे आणि त्याला कामावरून कमी केलंय, दोन आठवडे राहा आणि आपल्या जागी येणाऱ्या, कमी पगारावर काम करणाऱ्या मुलीला बीट शिकव असं सांगितलंय. ते पान वाचवत नाही. माझ्या ओळखीतल्या चार जणांच्या बाबतीत अगदी हेच झालंय. आणि ज्या ‘रॉकी माउंटन न्यूज’मध्ये ‘द पोएट’ घडते तो खरा पेपर, १८५९ मध्ये सुरू झालेला, २७ फेब्रुवारी २००९ ला बंद पडला, दीडशे वर्षं पूर्ण व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. तिसरी ‘फेअर वॉर्निंग’, २०२० ची, तोवर जॅक एका न्यूज वेबसाइटवर आलाय. तिन्ही ओळीने वाचल्या तर खुन्यांच्या गोष्टींच्या आडून पेपर नावाच्या धंद्याचं काय होत गेलं ते दिसत जातं, पण सुरुवात ‘द पोएट’नेच करा.

पाचपैकी चार स्टार देते. एक स्टार त्या मीटिंगांचा आणि रायलीचा कापला.

पुस्तक मी किंग्ज सर्कलला परत केलेलं नाही. डेस्कवर माझ्या जागी जो मुलगा आलाय त्याला दिलंय, आणि तो जिथे अडेल त्या पानावर, म्हणजे जॅक रेंजरला प्रश्न विचारायला जातो तिथे, पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवलीय. काल त्याचा मेसेज आला, ताई, रेघेपर्यंत पोचलो, आज एका कॉपीत ‘नैराश्यातून’ होतं, रिपोर्टरला फोन करून विचारलं कुणी सांगितलं, त्याच्याकडे उत्तर नव्हतं, काढलं.